पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर

...आणि वर मलाच विचारतात, ‘चंदर, गॅस तू सोडलास का?’ अहो, मी कशाला गॅस सोडू? मी आवाज सोडला! आवाज! तोसुद्धा मोजून! तुम्हाला सांगतो, आमच्या उरणच्या बाजूला आवाज काढणारे ढिगानं आहेत, पण आवाज मोजणारा एकच, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे. हसू नका. पाच स्पीकर, बसायच्या जागेवर प्रत्येकाचा आवाज पंच्याहत्तर डेसिबल. चौऱ्याहत्तर नाही, शहात्तर नाही, पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर! आणि एवढं करून गावानं मला काय किताब दिला? गॅसवाला. काल सलूनमध्ये गेलो तर खुर्चीतला माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून उठला, नाकाला टॉवेल लावला आणि म्हणतो कसा, ‘या चंदरशेठ, आधी तुमचं होऊ द्या.’ आता ह्याला काय म्हणायचं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही आमच्या शेजारच्या नीराबाईचंच खरं धरून बसाल.

मी कंटेनर यार्डात सुपरवायझर. दिवसभर माझ्या कानात काय जातं? क्रेनची बोंब, ट्रेलरचे हॉर्न, आणि गाडी मागं घेताना ते टीं टीं टीं टीं... झोपेत कूस बदलली तरी मला ते ऐकू येतं! घरी यावं तर हळदीचा सीझन. आमच्याकडची हळद माहीत आहे ना तुम्हाला? नवऱ्याला हळद लागते आणि शेजारच्या भिंतीला भेग पडते. त्यात आमचा चुलतभाऊ सदा, त्याचा साऊंडचा धंदा. टेम्पोवर एकावर एक खोके रचतो, पुढं उभ्या माणसाच्या शर्टाची बटणं थरथरली की हा खूश. ‘दादा, आवाज काय ऐकायचा असतो? आवाज लागला पायजे! हितं! छातीत!’ असं म्हणून आपल्या नाही, माझ्या छातीवर बुक्की मारून दाखवतो.

अशा गावात मी होम थिएटर घेतलं. समोर तीन स्पीकर, मागं दोन, आणि कोपऱ्यात धमधम करणारा एक डबा. सदा बघायला आला. कमरेवर हात ठेवून गोल फिरला, वाकून एक स्पीकर हुंगल्यासारखा बघितला आणि म्हणतो, ‘दादा, ह्ये चहासाखरेचे डबे मांडलेस, ते कळलं. साऊंड कवा येनार?’

बोलला तर बोलला. त्याला काय ठाऊक? अहो, खोलीत एक स्पीकर जवळ असतो, एक लांब असतो, एकाच्या मागं भिंत, एकाच्या मागं पडदा. मग होतं काय? पडद्यावर आई मुलाला समोर उभी राहून जवळ बोलावते आणि तिचा आवाज येतो आमच्या कपाटातून! पाऊस पडतो तो फक्त डाव्या कानात! म्हणून मीटर आणला. खराखुरा, हातात मावेल एवढा, पुढं स्पंजाचं बोंड असलेला. स्पीकरमधून एकेक करून शूं... असा आवाज सोडायचा, बसायच्या जागेवर मीटर ठेवायचा, आणि आकडा बघून प्रत्येक स्पीकर कमीजास्त करत एका पातळीला आणायचा. पाचही सारखे. पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर. ह्यात वेड काय आहे? सोनल, म्हणजे आमची मंडळी, ती म्हणते, ‘मागं दोन लावलेत ते कशाला? मागून कोण बोलतंय?’ म्हटलं मागून तूच बोलतेस, त्याचीच सवय आहे मला! त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. असो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी घरात कुणाला बोललो नव्हतो. हे सगळं मी बाबांसाठी मांडलं होतं.

आमचे बाबा रामजी. जन्म मिठागरात गेला. मिठागर गेलं, बंदर आलं, तरी अजून सकाळी उठून आधी वारा कुठून आहे ते बघतात. आणि ह्या माणसाच्या तोंडून, तुम्हाला सांगतो, ‘चांगलं’ हा शब्द मी आजतागायत ऐकलेला नाही. बारावी पास झालो, पेढा दिला. म्हणाले, ‘गोड हाय.’ कोण? पेढा! नोकरी लागली तर म्हणाले, ‘पगार येळेवर देतान का?’ घर बांधलं, स्लॅब टाकला, आख्खं गाव जेवून गेलं. बाबांनी भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, ‘सावली पडंल.’ सावली! अहो, सावली तर ताडपत्रीची पण पडते! तेव्हा ह्या वेळी मी ठरवलं होतं, बाबांना बरोबर मधल्या जागी बसवायचं, चारी बाजूंनी आवाज त्यांच्यापाशी सारखा आला पाहिजे, आणि त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘चंदर, चांगलं झालं रं’ एवढं वदवून घ्यायचं. माणसाला दुसरं काय पाहिजे असतं?

आणि बाबांचं ऐकणं म्हणजे काय? रेडिओ. मिठागराच्या झोपडीत होता तोच. वर आईनं शिवलेलं खणाचं कापड, एरियलच्या जागी सायकलची तार. तो काखोटीला मारून माणूस दिवसभर फिरतो. बातम्या, भजनं, शेतीचं काय ते, सगळं त्यातूनच येतं, आणि त्या सगळ्याच्या मागून कायम खरखर. मी म्हटलं, बाबा, ह्यात खरखर आहे. म्हणाले, ‘मग? तुझा बाप काय गुळगुळीत हाय?’

आता मीटर ठेवायचा तो कानाच्या उंचीवर, असा नियम. कुणाच्या कानाच्या? जो बसणार त्याच्या. म्हणून दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत होते तेव्हा मी टेप घेऊन गेलो, हळूच एक टोक फरशीला टेकवलं, दुसरं त्यांच्या कानाशी नेलं... आणि बाबांनी डोळे उघडले! समोर मुलगा, हातात टेप, आणि बापाचं माप घेतोय! म्हणतात कसे, ‘उभ्याचं घे. निजल्यावर मी लांब हुतो.’ अहो! मी म्हटलं बाबा, भलतंसलतं काय बोलतोस, तिरडीचं माप नाही, मी कान मोजतोय! तर म्हणाले, ‘कान? त्ये येगळे नेनार का?’ आता ह्या माणसाला डेसिबल कसा समजवायचा सांगा बघू.

आणि त्यांची खुर्ची! ती कायम खिडकीपाशी. मला ती हलवावी लागली, कारण सोफा मधोमध पाहिजे. बस! तेव्हापासून बाबा ओटीवर. घरात जेवायला यायचे, तेपण पाहुण्यासारखे. एकच अट घातली, ‘खिडकी लावायची न्हाय. वारा अडवायचा न्हाय.’ म्हटलं बरं, एवढं तरी ऐकू. ती खिडकी उघडी राहिली आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

आला रविवार. सोनल सकाळीच उरणला मासळी आणायला गेली. बाबा ओटीवर. मी मीटर स्टुलावर उपडी कळशी ठेवून वर मांडला, बाबांच्या कानाच्या उंचीला, आणि बघतो तर काय, स्पीकर बंद असतानाच आकडा साठीच्या पुढं! म्हटलं हा आवाज येतो कुठून? अहो, गावातून! समोरच्या घरात नारळ फिरवायचा मिक्सर, पलीकडं कुकर, मागं कोंबड्या, रस्त्यावर कंटेनर, आणि लांबून सदाचं ‘चेक, चेक, माईक चेक’! मीटर कसला स्थिर राहतोय, आकडा नुसता नाचतोय हळदीला! मग मी निघालो घरोघर, हात जोडून. ‘जरा थोडा वेळ शांत राहता का? मला आवाज मोजायचाय.’ काय उत्तरं मिळाली ऐका! एक म्हणाला, ‘गप बसू? कोन गेला?’ दुसरी म्हणाली, ‘मिक्सर थांबवते, पन मग वाटप तू पाट्यावर वाटून देशील?’ आणि सदा म्हणाला, ‘दादा, शांतता पायजे तर हिमालयात जा. आनि जाताना डबे पन ने.’

मग मी काय केलं? जे कुठलाही उरणचा माणूस करेल तेच केलं. समोरचा आवाज कमी होत नाही ना? मग आपला वाढवायचा! त्या शूंचा आवाज दिला वर. बाबा त्याआधीच ओटीवरून उठून जुन्या मिठागराच्या बांधावर वारा बघायला गेले होते, त्याचा मला पत्ताच नव्हता. आणि तो शूं म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, नळीतून काहीतरी सुटल्यासारखा, एकसुरी, शूंऽऽऽऽ... आधी डाव्या कोपऱ्यातून, मग मधून, मग उजवीकडून, मग मागून. असा खोलीभर फिरत राहतो, थांबतच नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या गावाला लागून गॅसचा प्रकल्प आहे. चांगली माणसं आहेत, आजवर कधी काही झालेलं नाही. पण खबरदारी म्हणून दरवर्षी शाळेच्या मैदानावर सराव घेतात. कर्ण्यावरून सांगतात, गॅस सुटल्याचा आवाज आला तर घाबरायचं नाही, चूल विझवायची, ओलं फडकं नाकाला लावायचं आणि वाऱ्याला आडवं चालत मोकळ्या जागी जायचं. ज्यांना शाळेत पाढे पाठ झाले नाहीत, त्यांना हे पाठ! म्हाताऱ्या माणसांनी तर दाराशी फडकी भिजवून ठेवलीत. आणि ह्या वर्षीचा सराव कधी झाला होता? आदल्याच आठवड्यात!

आमच्या मागच्या दारी नीराबाई. मागच्या पडवीत बसून कोलंबी सोलत होती. आमच्या उघड्या खिडकीतून तिनं ऐकलं, शूंऽऽऽ. तिनं हातातली कोलंबी खाली ठेवली. शूं डावीकडून उजवीकडे गेला. नीराबाई उठली. शूं मागच्या भिंतीत आला, म्हणजे थेट तिच्या कानाशी! बाई आमच्या दारावर धडाधडा मारायला लागली, ‘चंदर! चंदर रं! काय सुटलाय आत?’

आता मी त्या वेळी नेमका मधल्या स्पीकरवर होतो. आकडा ब्याहत्तर, त्र्याहत्तर असा वर सरकत होता आणि ही दार उघडणार! मी आतून ओरडलो, आणि काय ओरडलो ते मी आता नाकारत नाही. मी ओरडलो, ‘नीराबाई, दार उघडू नका! कुणी आत येऊ नका! श्वास रोखून धरा! पंच्याहत्तरला पोचतोय!’

बाहेर एकदम चिडीचूप. मला वाटलं, चला, बाई समजूतदार निघाली.

समजूतदार? बाई गल्लीतून पळत सुटली, पदर नाकाला, आणि तोंडानं काय, ‘चुली बंद करा! गॅस सुटला! चंदर आत अडकलाय! पंच्याहत्तरला गेलाऽऽऽ!’ कशाचे पंच्याहत्तर हे एकानंही विचारलं नाही! आकडा सांगितला की आपल्या लोकांची खात्रीच पटते हो.

आणि आत मी, परत पहिल्यापासून मोजावं म्हणून शूं जरा थांबवला, तर काय बघतोय? आकडा खाली येतोय. साठ... पंचावन्न... पंचेचाळीस... मिक्सर थांबला. कुकर थांबला. सदाचा माईक अर्ध्या ‘चेक’वर बंद. कोंबड्यासुद्धा गप, कारण लोकांनी त्या टोपल्यांत घालून बरोबर नेल्या, हे मला मागाहून कळलं. तुम्हाला सांगतो, जन्मापासून ह्या गावात राहतोय, अशी शांतता मी ऐकलेली नव्हती. माझा ऊर भरून आला! म्हटलं, शेवटी माझं गाव आहे! तोंडानं काहीही बोलतील, पण वेळ आली की माणसाच्या पाठीशी उभे राहतात! तिकडं आख्खं गाव नाकाला ओली फडकी लावून मिठागराच्या बांधावर बसलं होतं, आणि मी इकडं डोळे पुसत एकेक स्पीकर लावत होतो. डावा, पंच्याहत्तर. मधला, पंच्याहत्तर. उजवा, पंच्याहत्तर. मागचे दोन, टिच्चून पंच्याहत्तर! असं काम झालं, असं काम झालं... दाखवायला जवळ कोणी नाही एवढंच दुःख.

म्हटलं बाबांना बोलवावं. दाराकडे वळलो तर दार धाडकन उघडलं, आणि दारात बाबाच.

तोंडाला ओला पंचा गुंडाळलेला, त्यातून पाणी गळतंय, डोळे लाल, छाती भात्यासारखी वरखाली. एवढ्या वयाचा माणूस बांधावरून पळत आला होता! मी म्हटलं, ‘ये बाबा, बरोबर वेळेवर आलास, बस इथं.’ बाबांनी काही ऐकलं नाही. मिठाची टोपली उचलणारा तो हात, माझी कॉलर धरली आणि सरळ ओढायला लागले. पंच्याच्या आतून म्हणतायत, ‘चल भायेर! चल म्हनतो ना! श्वास घेऊ नको!’ आणि स्वतःचा पंचा सोडून माझ्या नाकाला बांधायला लागले. स्वतःचा हो! मी म्हटलं, अरे बाबा, थांब, काय झालंय काय? आणि मी बटण दाबलं. शूं बंद. परत दाबलं. शूं चालू. परत दाबलं. बंद.

बाबा माझ्याकडे बघतायत. मी बाबांकडे बघतोय. माझ्या नाकावर पंचा.

‘ह्यो आवाज?’ बाबा म्हणाले.

म्हटलं, ‘हो.’

‘तू काढलास?’

म्हटलं, ‘मोजून काढला.’

बाबा मटकन सोफ्यावर बसले. कुठं? बरोबर मधल्या जागी!

मग आलं गाव. तुम्हाला सांगतो, जे बोललं गेलं ते इथं बायकामुलं बसलीत म्हणून सांगत नाही. नीराबाईची कोलंबी मांजरानं खाल्ली, त्याचा उद्धार वेगळा. प्रकल्पाची गाडी पण आली, त्यातून एक साहेब उतरले, हातात गॅस मोजायचा मीटर. त्यांचा मीटर दाखवतोय शून्य, माझा मीटर दाखवतोय नव्वद, कारण गाव ओरडत होतं! साहेब म्हणाले, ‘सरावाच्या वेळी निम्मं गाव येत नाही हो. आज एक माणूस सुटला नाही. शाबास!’ सोनल तेवढ्यात मासळीची पिशवी घेऊन पोचली, गर्दी बघितली, मला बघितलं आणि काही न विचारता म्हणाली, ‘मला वाटलंच होतं.’ आणि सदा! सदा गर्दीतून पुढं आला, त्या स्पीकरांसमोर उभा राहिला आणि चक्क पाया पडला. ‘दादा,’ म्हणाला, ‘एवढी वर्सं धंदा करतोय, माझ्या साऊंडनं कवा एक गल्ली हलली न्हाय. तू चहाच्या डब्यावर आख्खा गाव हलवलास!’ आता तो कशासाठी पाया पडला ते सोडा, पडला की नाही? पडला!

गर्दी पांगल्यावर मी बाबांना विचारलं, ‘बाबा, सगळे पळाले, मग तू परत का आलास? खरंच गॅस असता म्हणजे?’

बाबा पंचा पिळत होते. वर न बघता म्हणाले, ‘रेडिओ राह्यला व्हता.’

बघा! झालं! मुलगा आत गुदमरतोय असं समजलेला बाप, आणि आला कशासाठी? रेडिओसाठी! मी म्हटलं, असू दे, आपलं नशीब.

एवढ्यात नीराबाई परत आली. हातात खणाचं कापड घातलेला रेडिओ. म्हणाली, ‘रामजीदादा, ह्यो तुझा रेडिओ घे. बांदावर माझ्या मांडीवर टाकलास नि धावलास, मी वराडतेय नको जाऊ, नको जाऊ, चंदर गेला आसंल, तर ऐकतोय कोन?’

मी बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

खरं सांगतो, लपवत नाही, मला रडू आलं. अहो, ज्या माणसानं कधी ‘चांगलं’ म्हटलं नाही, त्यानं रेडिओ टाकला! आईच्या हातचं कापड असलेला रेडिओ दुसऱ्याच्या मांडीवर टाकला! आता मला ऐकायचं काय उरलं होतं? माझी छाती एवढी फुगली की सदाच्या साऊंडनं पण कधी फुगली नसती.

तरी पण म्हटलं, केलंय काम तर दाखवूच. बाबांना मधल्या जागेवरून उठू दिलं नाही. समुद्राचा एक देखावा लावला. लाटा पुढून आल्या, अंगावरून मागं गेल्या, मागं एक पक्षी ओरडला. बाबांनी मान वळवून मागं बघितलं. परत पुढं बघितलं. मी श्वास रोखून उभा. म्हटलं आता येतो शब्द... येतो... बाबा म्हणाले, ‘भरती खरी वाटते.’ मी म्हटलं, आणि? ‘आनि आता बंद कर. बातम्या लागल्यात.’

केलं बंद. पाचही स्पीकर बंद. बाबांनी बरोबर मधोमध मांडी घातली, रेडिओ मांडीवर घेतला, कान पिरगाळला. खर्रर्रर्र... आणि त्या खरखरीतून बातम्या. तेव्हापासून रोज हेच. ती खिडकीची खुर्ची आता त्यांना नको, ओटी नको, हीच जागा पाहिजे. म्हणतात, ‘हितं आवाज बराबर येतो.’ अहो, येणारच! मी मोजलीय ती जागा!

परवा राहवेना, म्हणून मीटर घेऊन हळूच त्यांच्या कानाशी धरला. त्या खरखरीचा आकडा किती असेल? एकोणऐंशी! चार जास्त! हात आपोआप बटणाकडे गेला, तर बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मीटर खिशात घातला. काय करणार? पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर, पण ते स्पीकरचं. बापाला लेव्हलला आणणारं बटण अजून कुठल्या कंपनीनं काढलेलं नाही!